वरचं चित्र कशाचं आहे?

दुपारचे चार वाजले होते. कानातल्या आवाजानं हवालदारांचं नाव घेतलं आणि पुढं म्हटलं, "टायपिंग." हवालदारांना जाऊन तेव्हा पाच दिवस झाले होते.

मी बोटं कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवली. आवाज पुन्हा काही बोलला नाही. गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. पंखा फिरत होता. मी बराच वेळ तशीच बसून राहिले, पण मेसेज आला नाही.

हे सांगायचं तर आधी मी काम कसं करते ते सांगावं लागेल. मला दिसत नाही. चाळिशीपर्यंत दिसत होतं. सांगलीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी कामाला होते. काचबिंदूनं आधी कडा नेल्या, मग मधलं. शेवटच्या महिन्यांत आख्ख्या पानातला एकच शब्द दिसायचा, आणि मी तो शब्द पुढं पुढं सरकवत पुस्तकं संपवायचे. मग तोही गेला. आता मी साताऱ्यातल्या एका लहान संस्थेसाठी घरून काम करते. ही संस्था शाळेची पुस्तकं ध्वनिमुद्रित करते. वाचणारे वाचतात, मी मूळ मजकुराशी ताडून ऐकते आणि चुका कळवते.

ऑफिसचं सगळं बोलणं चॅटवर चालतं. पडद्यावर जे येईल ते स्क्रीन रीडर मला वाचून दाखवतो. माझ्या संगणकातला आवाज बाईचा आहे. मराठी वाचतो, पण प्रश्न वाचतानाही त्याचा सूर वर जात नाही. आधी नाव, मग मजकूर, मग वेळ. ऑफिसातली चौदा माणसं माझ्या कानात ह्या एकाच बाईच्या तोंडून बोलतात. मॅडम चिडल्या तरी हाच आवाज, कुणाला मुलगी झाली तरी हाच. मी लिहिलेलं मी परत ऐकलं तरी मीसुद्धा ह्याच आवाजात बोलते.

हवालदारही तसेच बोलायचे. सैन्यात सिग्नलला होते. निवृत्त झाल्यावर आमच्याकडं संगणकांची देखभाल करायला लागले. सोमवारी साताऱ्याला यायचे, बाकीचे दिवस गावाकडून काम करायचे. गाव विट्याच्या पुढं, कोरड्या मुलखात. "आमचं बालपण मेंढरामागं गेलं, तरणेपण सायबामागं, आता तुमच्या पासवर्डामागं," असं ते लिहायचे. जसं बोलत तसंच लिहीत. संगणकातली बाई त्यांचं "लय" आणि "न्हाई" बातम्या दिल्यासारखं वाचायची आणि मी एकटीच हसायचे.

चॅट वापरायला त्यांनीच मला फोनवरून शिकवलं.

"बाई, माऊस इसरा. ती डोळसांची काठी हाय. तुमी बाण दाबा. वरचा बाण दाबला की मागचं बोलणं, खालचा दाबला की फुडचं."

"मी बाई नाही हो, ग्रंथपाल होते."

"पुस्तकातलं चुकलं म्हणून आमाला झापताय न्हवं? मग बाईच."

ह्या चॅटमध्ये माझी एक अडचण होती. कुणी फोटो टाकला की माझ्या कानात फक्त "इमेज" एवढंच येतं. एकदा असाच एक फोटो आला आणि त्याखाली "आनंदाश्रू असलेला चेहरा, आनंदाश्रू असलेला चेहरा" असं नऊ वेळा ऐकू आलं. सगळे कशाला तरी हसत होते. मी हवालदारांना खासगीत विचारलं, "वरचं चित्र कशाचं आहे?"

उत्तर आलं ते पहाऱ्यावरच्या माणसानं खबर द्यावी तसं. "डावीकडनं सांगतो. एक म्हैस. म्हशीच्या शिंगावर कुणीतरी हेडफोन अडकवलाय. उजवीकडं आपल्या मॅडम. त्येंचं म्हशीकडं ध्यान न्हाई. कळलं का?"

मी लिहिलं, "कळलं."

तेव्हापासून रिवाजच पडला. रोज चार वाजता चहा झाला की हवालदार दिवसभराची चित्रं मला सांगायचे. वाढदिवसाचे केक, कुणाच्या पाचगणीच्या सहलीचे फोटो, नव्या पुस्तकांची मुखपृष्ठं. नेहमी डावीकडून सुरुवात, शेवटी "कळलं का?" मी "कळलं" लिहीपर्यंत ते हलायचे नाहीत. मला उशीर झाला तर लिहायचे, "बाई, ठाणं सोडून गेलात जणू." चार वर्षं हे चाललं. आम्ही प्रत्यक्ष दोनदाच भेटलो. हात खरखरीत होता आणि कपड्यांना उन्हाचा वास होता, एवढंच मला माहीत. एकदा मी विचारलं होतं की तुम्ही दिसता कसे, ते एकदा डावीकडून सांगा. ते म्हणाले, "ते सोडून काय बी इचारा."

मग श्रावणातला तो सोमवार आला. श्रावणात आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर शुभेच्छांचा पूर येतो. नागपंचमीला तर शिराळ्याकडचा एक जण दिवसभर फोटो टाकत होता. त्या सोमवारी सकाळी मी संगणक लावला तर वर "इमेज" आणि त्याखाली "जोडलेले हात, जोडलेले हात" असं तेरा वेळा. शुभेच्छांखाली असेच हात जोडलेले असतात. मीही ग्रुपवर लिहिलं, "आपणा सर्वांनाही मनःपूर्वक शुभेच्छा." आणि नेहमीप्रमाणे हवालदारांना खासगीत विचारलं, "वरचं चित्र कशाचं आहे?"

थोड्या वेळानं आवाज म्हणाला, मेसेज डिलीट करण्यात आला. माझ्या शुभेच्छा कुणीतरी काढून टाकल्या होत्या. मग मॅडमचा फोन आला.

"ताई, ते चित्र हवालदारांचं आहे. श्रद्धांजलीचं. परवा गेले ते. शेतातून आले, पाणी मागितलं, आणि पाणी आणेपर्यंत झालं सगळं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तुमचा मेसेज मी काढला. कुणी मनावर घेतलं नाही हं."

मला रडू आलं नाही. फोन ठेवल्यावर एकच गोष्ट डोक्यात आली. मी एका गेलेल्या माणसाला त्याच्याच श्रद्धांजलीचं चित्र कशाचं आहे म्हणून विचारलं होतं, आणि तो प्रश्न अजून तिथं होता. मॅडमना तो दिसत नव्हता, मला पुसता आला असता. मी बाणानं वर जाऊन त्यावर थांबले. आवाजानं माझं नाव घेतलं, प्रश्न वाचला, वेळ सांगितली आणि शेवटी म्हटलं, "सीन."

कुणीतरी तो वाचला होता.

मी प्रश्न पुसला नाही. वाचलेला प्रश्न पुसणं मला खोटेपणाचं वाटलं. पण खरं सांगायचं तर मला उत्तर हवं होतं.

पाचव्या दिवशी चार वाजता पहिल्यांदा "टायपिंग" ऐकलं. सहाव्या दिवशी चारलाच. सातव्या दिवशी दोनदा. कधी दोन श्वासांपुरतं, कधी एवढा वेळ की आता पानभर मजकूर येईल असं वाटावं. मग काहीच नाही. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. आयुष्य कपाटांमध्ये गेलं, भुतांची पुस्तकं कुठल्या फळीवर असतात तेही मला ठाऊक होतं. तरी पावणेचारला मी टेबल पुसायला लागले. केस विंचरायला लागले. आणि चारला तो शब्द आला की मीही लिहायला लागायचे. "कोण आहे?" लिहायचे, पुसायचे. "हवालदार" लिहायचे, पुसायचे.

माझी धाकटी बहीण माझ्यासोबत राहते. तिच्या हे ध्यानात आलं.

"ताई, चहा गार झाला."

"थांब, चार वाजतायत."

"चार रोजच वाजतात. आजच काय एवढं?"

मी तिला पडदा बघायला सांगितलं. मला वाटत होतं, माझ्या प्रोग्रॅमचं काहीतरी बिघडलं असावं आणि तो जुनेच शब्द पुन्हा बोलत असावा. ती वाकली. तिच्या बांगड्या टेबलाला लागल्या.

"त्यांच्या नावाखाली तीन टिंबं आहेत."

"हलतायत?"

"हलतायत." ती सरळ झाली. "थांबली. नाही, परत हलायला लागली." मग ती स्वयंपाकघरात गेली आणि भर दुपारी तिनं देवापुढं निरांजन लावल्याचा वास आला.

सहकाऱ्याचं सुतक नसतं. कुणी मला आंघोळ करायला सांगितली नाही, कुणी भेटायला आलं नाही. माझा शोक कुठल्याच नात्यात बसत नव्हता. माझ्या वाट्याला त्यांच्यामागं राहिलेलं असं हे एवढंच होतं, दुपारी चारचे दोन श्वास.

दहाव्या दिवशी मॅडमचा पुन्हा फोन आला. महिनाअखेरीला हवालदारांचं खातं बंद करायचं होतं. "त्यांचा फोन घरीच आहे. कुणी उघडत असेल तर आत्ताच बंद करते, ऑफिसच्या फायली असतात त्यात. तुमचं त्यांच्याशी रोज बोलणं असायचं. तुम्हाला काही हालचाल दिसली का?"

"मला काय दिसणार, मॅडम," मी म्हणाले.

त्या ओशाळल्या आणि त्यांनी विषय बदलला. आंधळेपणाचा असा उपयोग मी आयुष्यात पहिल्यांदाच केला. आता माझ्याकडं महिनाअखेरीपर्यंतचे दिवस होते. त्याआधी उत्तर आलं तर आलं, नाहीतर त्या नावापुढं कधीच काही येणार नव्हतं.

तेरावं झाल्यावर मी आणि बहीण एसटीनं हवालदारांच्या गावी गेलो. विट्याला गाडी बदलली. विट्यापुढं हवेतला ओलावा संपतो, उसाचा वास मागं राहतो, आणि खिडकीतून येणारा वारा नुसत्या मातीचा असतो. गाडीतून उतरल्यावर एका म्हाताऱ्यानं घर दाखवलं. "हवालदाराकडं व्हय? या, या. जोडं हितंच काढा, अंगण आताच सारवलंय."

त्यांच्या बायकोनं माझा हात धरून मला आत नेलं. तिचा हातही खरखरीत होता.

"तुमी बाई न्हवं का," ती म्हणाली. "मी वळाकलं. चाराच्या बाई."

आम्ही घोंगडीवर बसलो. तिनं पाणी दिलं. माणूस गेलेल्या घरी बोलतात ते सगळं बोलून झालं. आता विचारावं की नको, असं माझं चाललं होतं, तेवढ्यात तीच म्हणाली, "बाई, तुमचा त्यो मेसेज आला तवा आमची सगळ्यांची पाचावर धारण बसली."

"कुठला?"

"चित्राचा. त्येंची जागा ही हितंच. दिवा ठेवल्याला, आन दिव्यापाशी त्येंचा फोन. रोज हातात असायचा म्हणून माज्या जावंनं ठेवला. सकाळची घर भरून माणसं. कुणी बोलंना झालं व्हतं. तेवढ्यात फोन वाजला. दिरानं उघडून मोठ्यानं वाचलं, वरचं चित्र कशाचं आहे? आन दिव्याच्या वर, भिंतीला, त्येंचाच फोटू टांगल्याला. समद्यांनी वर बघितलं. दीर फोन टाकून भाईर पळाला."

माझ्या बहिणीच्या तोंडून हसू फुटलं आणि तिनं ते पदरात दाबलं. हवालदारांची बायकोही हसली. मग ती हसायची थांबली.

"पयल्या राती दिव्यापाशी पीठ पसारलं व्हतं," ती म्हणाली. "वर पाटी पालथी. सकाळी उचलून बघत्यात, कशाची पावलं उमटली ती. कुणाला पाखराची दिसत्यात, कुणाला लेकराची. आमच्यात तर मेंढराचं खूर उमटल्यालं बी सांगत्यात. समदी वाकून बघाय लागली. पीठ जसंच्या तसं. काय बी न्हाई. माणूस एवढा चालला जल्मभर, आन एक खूण न्हाई. तवापासनं मला वाटतं, गेलं कुठं हे?"

मी सांगून टाकलं. रोज चारला त्यांचं नाव येतं, ते लिहितायत असं येतं, मी वाट बघते. सांगताना माझाच आवाज मला संगणकातल्या बाईसारखा सपाट लागला.

"ती मी," ती म्हणाली.

मला हे अपेक्षित होतं. तरीही, ती दुसरं काही सांगेल अशी माझी आशा होती.

"रेंज फकस्त चौकटीत येती. ते रोज चारला हुंबऱ्यावर बसून तुमाला चित्रं सांगायचं. लिवताना तोंडानं बी बोलायचं, मला चुलीपाशी ऐकू यायचं. डावीकडनं सांगतो. कळलं का. तुमचा परश्न तसाच राहिल्याला. म्हणलं आंधळ्या बाईला कुणी सांगितलं आसंल का न्हाई. म्हणून मी बसती चारला. सातवी शिकल्याली हाय, लिवाय येतं मला. पर त्येंच्यागत डावीकडनं सुरू करावं तर त्या गुरूपवरच्या चित्रात डावीकडं समई हाय, आन ती दोन अक्षरं. भावपूर्ण श्रद्धांजली. ती माज्या हातानं कशी लिवू? ती लिवली म्हंजी झालंच की. लिवती आन पुसती."

"मीसुद्धा," मी म्हणाले.

"ते ठावं हाय मला. तुमी बी चारलाच लिवत व्हता आन पुसत व्हता. तुमच्या नावाखाली टिंबं नाचायची. मी म्हणायची, बघा, त्येंच्या फोनात त्येंची वाट बघणारं कुणीतर हाय."

दोन बायका रोज चारला एका गेलेल्या माणसाच्या नावाच्या दोन बाजूंना बसत होत्या, आणि दोघींनाही पलीकडं काहीतरी हलताना जाणवत होतं. कोऱ्या पिठापेक्षा ते बरं, असं ती म्हणाली. मला नक्की सांगता येत नाही.

निघताना तिनं विचारलं, त्यांचं जुनं बोलणं तुमच्याकडं आहे का. माझ्या फोनमध्ये होतं. मी म्हशीचा मेसेज शोधला आणि आवाज मोठा केला. बाईच्या आवाजात हवालदार त्यांच्याच घरात बोलायला लागले. "डावीकडनं सांगतो. एक म्हैस." ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"ह्यो त्येंचा आवाज न्हाई."

"नाही. सगळ्यांचा हाच असतो. माझा पण."

"आन माजा?"

"तुम्ही लिहिलंत तर तुमचा पण."

ती उठून चुलीकडं गेली आणि भांडी आवरायला लागली. महिनाअखेरीला खातं बंद होणार, हे मी उंबऱ्यात उभी राहून तिला सांगितलं. ती फक्त "बरं" म्हणाली.

त्यानंतर चारला काही आलं नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, आठवडा नाही. मला वाटलं, मी जायलाच नको होतं. चित्र नसतं तिथं निदान मला ते मनात तयार करता येतं. आता तिथं एक चौकट होती आणि तिच्यात कुणीच बसलेलं नव्हतं.

महिन्याचा शेवटचा दिवस. मी इयत्ता तिसरीचं परिसराचं पुस्तक तपासत होते. चार वाजून गेले. साडेचारला आवाजानं हवालदारांचं नाव घेतलं आणि म्हटलं, "टायपिंग." खूप वेळ काहीच नाही. मी ह्या वेळी एक अक्षरही लिहिलं नाही. मग मेसेज आला, आणि आवाजानं हवालदारांचं नाव घेऊन तो वाचला.

"उजवीकडनं सांगते. पयला कान. मोटा हाय. मग गाल, दाढी केल्याली. मिशी पिकल्याली. डोळं उगडं हायती. हासत न्हाईत पर आता हासतील आसं वाटतं. टोपी पलटणीची, वाकडी. मी नीट करा म्हणलं व्हतं, ऐकलं न्हाई. मागं निळं आभाळ, ते खरं न्हाई, दुकानातलं. आन मग डावीकडं समई. अक्षरं तुमाला ठावं हायती. कळलं का?"

चार वर्षांत पहिल्यांदा हवालदारांच्या नावानं, त्या बाईच्या आवाजात, एक बाई बोलत होती. मी वरचा बाण दाबून माझा प्रश्न ऐकला, खालचा दाबून उत्तर ऐकलं. असं तीनदा केलं. तिसऱ्या वेळी मला टोपी दिसली.

मी "कळलं" लिहिलं आणि पाठवलं. लगेच "सीन" आलं.

त्यानंतर सहा वाजायच्या सुमाराला, बहीण देवापाशी होती आणि मी संगणक बंद करायला हात पुढं केला होता, तेव्हा आवाजानं आणखी एकदा त्यांचं नाव घेतलं आणि म्हटलं, "टायपिंग." मी बसून राहिले. मेसेज आला नाही. दुसऱ्या दिवशी त्या नावापुढं आवाज "खातं बंद" असं म्हणायला लागला, आणि अजूनही म्हणतो. त्यांच्या बायकोशी माझं अधूनमधून फोनवर बोलणं होतं. त्या संध्याकाळी सहाला फोन कुणाच्या हातात होता, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.